लाईट हाय, पण मशीन जातंय

२०१० सालची धुळवड १ मार्चला, सोमवारी आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो स्टुडिओवाले अण्णा माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभे. कानामागं गुलाबी रंग तसाच राहिलेला. म्हणाले, "मॅडम, लाईट हाय, पण मशीन जातंय."

आमच्या वैराग गावात तेव्हा मशीन बंद पडलं की पहिला संशय लाइटीवर, दुसरा यूपीएसवर. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला पाठ असायचं. लाईट आहे आणि तरीही कॉम्प्युटर आपोआप बंद होतो, हे मात्र नवीन होतं. अण्णांचं काम अडलं होतं. दिवाळीनंतरच्या लग्नांचे करिझ्मा अल्बम तयार करायचे राहिले होते, एकेक पान फोटोशॉपात तासतासभर चालायचं, आणि सेव्ह करायच्या आत पडदा काळा. "पोरगं म्हणतंय व्हायरस हाय, शेजारी म्हणतो अर्थिंग न्हाई. तुम्ही बघा."

मी बघितलं. वैरागला कॉम्प्युटरचा मेकॅनिक बार्शीहून आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं एमएस-सीआयटी शिकवता शिकवता मीच स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकले होते. मशीन उघडलं, धूळ झाडली, रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवली. तेवढ्यानं चालू झालं, म्हणून अण्णा खूश झाले आणि मीही. तासा-दोन तासांत परत गेलं. मग मी निदान केलं: एसएमपीएस गेलाय. कॉम्प्युटरच्या डब्यात वीज वाटून देणारी जी पेटी असते, ती. नवीन आणून बसवली, साडेचारशे रुपये घेतले. संध्याकाळी अण्णांचा फोन, "परत गेलं हो."

बुधवारी मी वही घेऊन त्या मशीनसमोर बसले. दहा वाजून पाच मिनिटांनी चालू, बारा वाजून पाच मिनिटांनी बंद. परत लावलं, दोन तासांनी परत बंद. बिघाड असा घड्याळ लावून येत नाही. तेवढ्यात क्लासमधली मुलगी धावत आली, "मॅडम, ऑफिसचं मशीनपण आपोआप बंद झालं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दोन्ही मशीनवर विंडोज मीच टाकलं होतं. तेही आरसी.

आरसी म्हटलं की आमच्याकडं माणसं गाडीचं आरसी बुक शोधायला लागतात. हे आरसी वेगळं. 'रिलीज कँडिडेट', म्हणजे बाजारात यायला उभा राहिलेला, पण अजून निवडून न आलेला उमेदवार. विंडोज ७ ची ही प्रत मायक्रोसॉफ्टनं मे २००९ मध्ये सगळ्यांना फुकट उतरवून घ्यायला खुली केली होती. मुदत १ जून २०१० पर्यंत. वर्षभराहून जास्त! आणि त्यात सगळ्यात वरची, 'अल्टिमेट' आवृत्ती. फुकट ते पौष्टिक.

फाइल जवळपास अडीच जीबीची. टेलिफोनच्या ब्रॉडबँडला पहाटे २ ते ८ मोजदाद नसायची, म्हणून तीन रात्री गजर लावून उठले. माझ्या लाइनीवर सेकंदाला पस्तीस-चाळीस केबी यायचं, ते पण लाईट टिकली तर. चौथ्या दिवशी डीव्हीडी भरली, तिच्यावर स्केच पेननं '७१००' लिहिलं आणि स्वतःच्या मशीनवर टाकली. पडद्यावर एक निळा-तांबडा मासा आला. बेटा जातीचा मासा, 'बीटा' या शब्दावरचा कंपनीचा विनोद. आमच्या गल्लीत त्याचं नाव पडलं 'माशाचं विंडोज'. आधीचं विंडोज व्हिस्टा ज्या मशीनवर धापा टाकायचं, त्याच एक जीबी रॅमच्या मशीनवर हे पळत होतं. अण्णांनी बघितलं, त्यांना पाहिजे झालं. मग खताच्या दुकानाला, मग शाळेतल्या एका सरांना. माझं धरून चार मशीनवर मी ते टाकलं आणि तिघांना सांगितलं, वर्षभर काळजी नाही.

त्या वाक्यातला 'वर्षभर' कुणी ऐकला नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

प्रत जाहीर करतानाच मायक्रोसॉफ्टनं सगळं सांगून ठेवलं होतं. १५ फेब्रुवारी २०१० पासून पडद्याच्या कोपऱ्यात सूचना यायला लागतील. १ मार्चपासून मशीन दर दोन तासांनी बंद होईल आणि चालू काम सेव्ह होणार नाही. १ जूनला मुदत संपेल. कोपऱ्यातल्या सूचना आल्या होत्या. अण्णांच्या पोरानं त्या रोज इमानानं फुलीवर क्लिक करून बंद केल्या होत्या. ऑफिसच्या मशीनवर मीही तेच करत होते. इंग्रजीतली चौकट दिसली की आपला हात आधी फुलीवर जातो, वाचायचं नंतर.

आता ही चाचणीची प्रत आणि अंतिम प्रत म्हणजे काय, ते मी आमच्या धंद्यातल्या उदाहरणानं सांगते. क्लासबरोबर मी डीटीपी करते. लग्नपत्रिका. वर 'श्री संतनाथ प्रसन्न', खाली दोन्हीकडच्या आज्या-आजोबांपासून भाच्या-पुतण्यांपर्यंत साठ-सत्तर नावं. गिऱ्हाईक मजकूर आणून देतं, मी जुळणी करते, पहिलं प्रूफ काढते. ते सगळ्या भावकीत फिरतं. कुणाचं आडनाव चुकलेलं, कुणाचं 'श्री' राहिलेलं, तारीख बरोबर पण वार चुकीचा. हा झाला बीटा. विंडोज ७ चा बीटा जानेवारी २००९ मध्ये आला, क्रमांक ७०००. दुरुस्त्या करून दुसरं प्रूफ काढायचं आणि म्हणायचं, आता काही मोठं निघालं नाही तर हेच छापतो, सही करा. हा आरसी, क्रमांक ७१००. सही झाली की प्लेट तयार होते आणि मशीनवर चढते. कॉम्प्युटरवाल्यांत तिला आरटीएम म्हणतात, 'रिलीज टू मॅन्युफॅक्चरिंग'; शब्दशः, कारखान्यात डिस्क छापायला सोडली. विंडोज ७ ची ही तारीख २२ जुलै २००९, क्रमांक ७६००. दुकानात माल आला २२ ऑक्टोबरला, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती तेव्हा. ७१०० पासून ७६०० म्हणजे पाचशे दुरुस्त्या, असा हिशोब करू नका. हे क्रमांक मधे उड्या मारतात. आणि छापून झाल्यावर चुलत्याचं नाव राहिलेलं सापडतंच. त्यासाठी तेव्हा सर्व्हिस पॅक असायचा. विंडोज ७ चा पहिला फेब्रुवारी २०११ मध्ये आला.

प्रूफाला मुदत कशाला घालतात, हा प्रश्न अण्णांनी विचारला होता. "दिलंय तर राहू द्या की." त्यात कंपनीचा धंदा आहे, हे उघड आहे. पण दुसरंही कारण आहे आणि ते मला पटतं. माझं जुनं प्रूफ कुणाच्या तरी घरी राहतं, वर्षानं त्याच्यावरून कुणी नावं उतरवून घेतो आणि ती चुकीची निघतात. चाचणीच्या प्रतीवर ज्या दुरुस्त्या पुढं व्हायच्या त्या होत नाहीत. ती लाखो मशीनवर तशीच राहिली तर उघड्या दारांची घरं तयार होतात. म्हणून ती स्वतःच मरेल अशी सोय आधीच करून ठेवतात.

दोष कळला, पण औषध सोपं नव्हतं. आमच्या सगळ्यांची समजूत अशी, की अंतिम प्रतीची डीव्हीडी घालायची, 'अपग्रेड' म्हणायचं आणि चहा प्यायला जायचं. बाहेरून दोन्ही सारखंच तर दिसतं. तोच टास्कबार, तीच बटणं, फक्त मासा गेला. पण आरसीवर डीव्हीडी घातली तर ती सरळ नकार देते. आरसीची फुकट मिळालेली किल्लीही अंतिम प्रतीला लागत नाही. कंपनीचं सांगणं एकच: सगळं नव्यानं टाका.

हे आमच्या भागातल्या माणसाला समजवायला सोपं आहे, कारण आमच्याजवळ कुर्डुवाडी आहे. माझं माहेर धाराशिवकडचं. लहानपणी पुण्याहून यायचं झालं की मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत, तिथं सगळं बोचकं खाली उतरवायचं आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत चढवायचं. १८९७ साली सुरू झालेली ही गाडी, रुळांमधलं अंतर अडीच फूट. मुंबई-सोलापूरच्या मोठ्या लाइनीचं साडेपाच फूट. माणूस, पिशवी, लोणच्याची बरणी सगळं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायचं. डबा मात्र जायचा नाही. २००८ मध्ये आमच्याकडची लाइन रुंद झाली आणि ती उतराउतर संपली, त्यामुळं हे दुखणं सगळ्यांच्या ध्यानात ताजं होतं. मी अण्णांना म्हटलं, "फोटो, अल्बम, पत्ते, हिशोब ही तुमची बोचकी, ती पलीकडं जातील. फोटोशॉप, प्रिंटरचा ड्रायव्हर, फॉन्ट हा डबा. तो इथंच राहणार, पलीकडं नवा लावायचा." अण्णा म्हणाले, "म्हंजे कुर्डुवाडीला उतरायचं." तेव्हापासून आमच्याकडं फॉरमॅटला हाच शब्द आहे.

अंतिम प्रत चाचणीवर सरळ का चढू देत नाहीत, याचा खुलासा कंपनीच्या इंजिनिअरांनी तेव्हा केला होता. बाजारातला खरा गिऱ्हाईक आरसीवरून येणार नाही, तो व्हिस्टावरून येणार किंवा नवीन मशीन घेणार. मग ज्या वाटेनं लाखो जाणार, तीच वाट नीट तपासायची. आरसी ते अंतिम या वाटेवर चाचणीवाले थोडेच, आणि त्यात अर्धवट शिजलेल्या गोष्टी अंतिम घरात येण्याचा धोका. व्हिस्टाच्याही आधीच्या एक्सपीवरून तर सरळ चढायला वाटच नव्हती. ३२ बिटवरून ६४ बिटवर जायलाही नाही; तिथं तर रुळांचं अंतरच वेगळं.

चोरवाट होती. पुण्याला शिकणाऱ्या एका पोरानं दाखवली. डीव्हीडीतल्या सगळ्या फाइली हार्डडिस्कवर उतरवायच्या, 'सोर्सेस' फोल्डरात 'सीव्हर्जन डॉट आयएनआय' नावाची छोटी फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडायची. आत एक आकडा लिहिलेला: ७२३३. म्हणजे दारावरच्या माणसाला सांगून ठेवलंय, ७२३३ च्या खालचा आला तर आत सोडू नको. आपण ७१००. तो आकडा खोडून ७००० लिहायचा, की दार उघडलं. सरांच्या मशीनवर मी हे केलं, कारण त्यांच्याकडं एकाही प्रोग्रॅमची सीडी उरली नव्हती. चाललं. पण तीन-साडेतीन तास लागले, आणि नंतर त्यांचा प्रिंटर यादीत दोनदा दिसायला लागला, त्यातला एक खोटा. कधी या नावावर छापायचं, कधी त्या. वर्षभरानं ते मशीनही शेवटी कुर्डुवाडीला उतरलंच. तंत्र म्हणून मला त्या फाइलचं कौतुक आहे. सल्ला म्हणून मी ती कुणाला देणार नाही.

बाकीची तीन मशीनं मी अधिक वैशाखात घेतली. त्या वर्षी १५ एप्रिलपासून महिनाभर अधिक मास होता, लग्नं नाहीत, स्टुडिओ रिकामा आणि पत्रिकाही नाहीत. तोवर अण्णांनी दीड महिना कसा काढला असेल? पोराला मोबाइलचा गजर लावून दिला होता: एक तास पन्नास मिनिटांनी वाजला की सगळं सेव्ह करायचं आणि आपणच मशीन बंद करून परत लावायचं.

पहिलं माझं घेतलं, आणि घाई केली. कामाच्या फाइली 'डी' ड्राइव्हला आहेत, मग काय अडलंय म्हणत 'सी' फॉरमॅट केला. नवीन विंडोज आलं, पेजमेकर टाकलं, जुनी पत्रिका उघडली आणि वर 'श्री संतनाथ प्रसन्न'च्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ. मराठीत काम करणाऱ्याला हे दृश्य माहीत आहे. आमचे जुने डीटीपीचे फॉन्ट युनिकोडचे नाहीत. त्यात 'क' हा 'क' म्हणून साठत नाही. एखादं इंग्रजी अक्षर साठतं आणि त्याच्यावर फॉन्ट 'क'चं चित्र चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. विंडोज ७ बरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साह असे देवनागरी फॉन्ट नव्यानं आले होते, छानही होते, पण ते युनिकोडचे. माझ्या आठ वर्षांच्या पत्रिका त्यांना वाचता येईनात. बहुतेक फॉन्ट सीडीवर होते. शीर्षकाचा एक वळणदार फॉन्ट मात्र कुठंच सापडेना, आणि गावातली निम्मी लग्नं मी त्याच वळणात लावलेली.

तो सापडला अण्णांकडं. त्यांच्या मशीनला मी शहाणी झाले होते. फॉरमॅट न करता 'कस्टम' निवडलं आणि त्याच ड्राइव्हवर नवं विंडोज टाकलं. असं केलं की जुनं सगळं पुसलं जात नाही. 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात गाठोडं बांधून ठेवलं जातं. जुनं विंडोज, जुने प्रोग्रॅम, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं. प्रोग्रॅम त्यातून चालत नाहीत, पण फाइली जशाच्या तशा निघतात. त्यांच्या पोरानं डेस्कटॉपवरच ठेवलेले चार अल्बम तिथून निघाले. आणि त्यातल्याच फॉन्टच्या फोल्डरात माझा वळणदार फॉन्ट! कधीतरी त्यांना अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मीच दिला होता. मला त्या दिवशी गाठोडं बांधणाऱ्या त्या अनोळखी इंजिनिअरच्या पाया पडावंसं वाटलं. हे फोल्डर जागा खातं म्हणून माणसं लगेच डिस्क क्लीनअप करून उडवतात. विंडोज ७ असेल तर महिनाभर तरी थांबा. विंडोज १० आणि ११ मध्ये तर ते काही दिवसांनी आपोआपच जातं, तेव्हा तिथं उलट, लगेच बघा.

अण्णांनी बिल फाडून होम बेसिक घेतलं, भारतासारख्या देशांसाठी काढलेली स्वस्तातली आवृत्ती. चालू करून बघतात तर खिडक्यांच्या कडांची ती आरपार काच नाही. आरसी अल्टिमेट होती, तिला काच होती. होम बेसिकला नव्हती. "फुकटात काच होती, पैसे भरलं तर काच गेली," हे वाक्य त्यांनी मला पुढं दोन वर्षं ऐकवलं. चाचणीची प्रत बऱ्याचदा सगळ्यात नटलेली देतात, कारण सगळं तपासून घ्यायचं असतं. आपल्याला वाटतं आपण पाहुणे म्हणून जेवतोय. खरं तर मीठ बरोबर पडलंय का ते बघायला बोलावलेलं असतं.

सगळीकडं अशीच उतराउतर असते असंही नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटूची सीडी तेव्हा मागितली की फुकट टपालानं घरी यायची, ती सोय २०११ पर्यंत होती. त्या उबुंटूचा बीटा वापरत बसलं तर वेगळं काही करावं लागत नाही. रोजचे अपडेट घेत राहायचं, अंतिम तारखेला तुम्ही आपोआप अंतिमवर पोचलेले असता. डब्यात बसल्या बसल्या रूळ बदलतात. पण गावात त्यावर ना फोटोशॉप चालायचं, ना पेजमेकर, त्यामुळं ती सीडी क्लासच्या पोरांच्या कुतूहलापुरती राहिली.

आता कॉम्प्युटरवर बीटा टाकणारी मंडळी कमी झाली. तोच खेळ फोनवर आलाय. कॉलेजची पोरं नवीन अँड्रॉइडचा बीटा टाकतात, आठ दिवसांत बँकेचं ॲप चालेना, की माझ्याकडं येतात, "मॅडम, मागं जायचंय." मागं जाण्याची वाट फोन कोरा करूनच जाते. पुढची वाट फुकट आहे: थांबायचं, अंतिम अपडेट येऊ द्यायचं, ते चढलं की मग बीटातून नाव काढायचं. त्यात काही पुसलं जात नाही. म्हणजे आलात तसे टिकून राहा, मधेच उतरू नका. पण बीटा टाकायच्या आधीच आईबापांचे फोटो दुसरीकडं उतरवून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते, आणि टाकून झाल्यावर आलेला प्रत्येक जण म्हणतो, ते राहिलं.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक सांगते. विंडोजचं बटण दाबून ठेवा, आर दाबा, येईल त्या चौकटीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर करा. तुमच्याकडं कुठली प्रत आहे ते कळेल; चाचणीची असेल तर ती कधी मरणार ती तारीखही तिथंच लिहिलेली असते. त्या मंगळवारी मला हे सुचलं असतं तर दहा सेकंदांचं काम होतं.

अण्णांच्या मशीनमधून मी काढलेला एसएमपीएस चांगलाच होता. तो क्लासमधल्या एका मशीनला लावला, पुढं कितीतरी वर्षं चालला. साडेचारशे रुपये मी त्यांना अजून परत केलेले नाहीत.